आवाज होता

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आधी पाळक दोन मिनिटं गप्प राहत. प्रत्येकाने आपापल्या मनात डोकावून बघावं, म्हणून सांगत आणि स्वतः मान खाली घालून उभे राहत. ही दोन मिनिटं तिला नेहमी बरी वाटायची. आठवडाभर लोकांचे कान तपासत, कानात यंत्राचे सूर घेऊन बसणाऱ्या बाईला एवढी शांतता दुसरीकडे मिळणार कुठे. मनात डोकावायचं म्हणजे तिच्यापुढे दोन-तीन गोष्टी तयार असत. भावजयीशी तिरकं बोलले, एका पेशंटला उगाच ताटकळत ठेवलं, शेजारणीचा फोन मुद्दाम उचलला नाही. प्रवासाला निघताना कपाटातल्या वरच्या कप्प्यातले कपडे घ्यावेत तशी ती ही पापं काढून घेई. खालच्या कप्प्याला हात लावायची वेळ येत नसे. त्या रविवारीही ती अशीच डोळे मिटून बसली होती. ऑर्गनवर तिच्या धाकट्या भावाने गीत संपवून हात उचलले होते, पण वरच्या पट्टीतला एक सूर पुरता मिटला नव्हता. अगदी बारीक शिट्टीसारखा तो तसाच राहिला होता. एवढ्या माणसांत तो कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. खुद्द धाकटा पाण्याचा घोट घेत होता. तिला ऐकू आला, कारण ते तिचं रोजचं काम. मिटल्या डोळ्यांआड तिने सवयीने अंदाजही बांधला, की सूर चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आहे, आणि फार तर पंचवीस डेसिबल. मग तिने डोळे उघडले, तर दोन बाक पुढे बसलेल्या मास्तरांनी मान वर केली होती. त्यांनी चेहरा बरोबर ऑर्गनकडे वळवला होता आणि भिंतीवरचं चित्र वाकडं दिसावं तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. क्षणभरच. मग त्यांनी करंगळीने कान चोळला, आपलंच काहीतरी चुकलं अशा आविर्भावाने मान पुन्हा खाली घातली. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला यातलं काही कळलं नाही. पाळकांनी डोकं वर केलं आणि लोक उठू लागले, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे बापाच्या कोपराला हात लावला, कारण मास्तरांना ऐकू येत नाही हे सगळ्या मंडळीला माहीत होतं.

सगळ्या मंडळीला ते माहीत होतं ते एका कागदावरून, आणि तो कागद दोन बाक मागे बसलेल्या तिनेच तयार केला होता. सहा वर्षं झाली त्याला. तिच्या मनात या गोष्टीला एक ठरावीक आकार होता. मास्तर तेव्हा बासष्टचे होते, दोनदा गीत सुरू करायला चुकले होते, मंडळीच्या पंचांनी त्यांना कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलं, तपासणी झाली, कान कमजोर निघाले, मास्तरांनी आपणहून ऑर्गन सोडला आणि त्यांचाच शिष्य असलेला तिचा भाऊ तिथे बसला. असं ती इतक्यांदा सांगून बसली होती, की आता सांगताना आवाजसुद्धा बदलत नसे. ती रांगेत पुढे सरकत होती. भाकरीचा तुकडा तिच्या तळहातावर आला. परत द्यावा असं एकदा वाटलं, पण मागे बायका होत्या, पुढे पाळक होते, आणि सगळी मंडळी जिला ताई म्हणते तिने भाकर परत केली तर बघणाऱ्यांना काय वाटेल, हा विचार आधी आला. तिने तुकडा तोंडात टाकला. तो विरघळेना. जागेवर येऊन बसेपर्यंत तो टाळूला चिकटून होता आणि तिला जिभेने तो सोडवावा लागला. तिने पुढे बघितलं, तर मास्तरांची पांढरी मान, कॉलरच्या वर नीट कापलेले केस, आणि दोन मोठे, पातळ पाळ्यांचे कान. उजेड त्यांच्यातून आरपार येत होता.

दुपारी जेवताना धाकट्याने स्वतःच तो विषय काढला. वरचा एक सूर अडकतोय, दुरुस्तीवाल्याला बोलवायला हवं, असं म्हणाला. भावजय म्हणाली की तिला तर काही जाणवलं नाही. धाकटा हसला आणि म्हणाला, मलाही आधी नाही जाणवलं, उपासनेनंतर एकट्याने बसलो तेव्हा कळलं, मास्तर असते तर त्यांनी तिथल्या तिथे पकडलं असतं. मास्तरांबद्दल तो नेहमी असाच बोलायचा, ते हयात नसल्यासारखा, आणि प्रेमाने. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ती सव्वीसची. त्याला वाढवणं हे तिचं आयुष्यच होऊन बसलं. तो शाळेत रमला नाही, तीन नोकऱ्या धरल्या आणि तीनही सोडल्या. खोलीचं दार लावून दिवस दिवस पडून राहायचा. दार वाजवलं की आतून ‘हं’ एवढंच यायचं. फक्त मास्तरांकडे शिकायला जायचा तेवढा वेळ त्याचे डोळे जिवंत असत. त्या वर्षी तो एकतीसचा होता आणि एका दुपारी तिला म्हणाला होता, ताई, मी कशाला आहे गं. तो हे अगदी साध्या सुरात म्हणाला, चहा आहे का विचारावं तसा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी पंचांची चिठ्ठी घेऊन मास्तर तिच्या दवाखान्यात आले. हा भाग ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे, कारण हा भाग खरा होता. धाकटा आता भात कालवत बोलत होता, अंगाने भरला होता, लग्न झालं होतं, लहान मुलांना शिकवत होता. आज हे सगळं समोर ताटावर बसलेलं होतं. याच्यात पाप कुठे दाखवायचं बोट ठेवून, असं तिला विचारावंसं वाटलं, पण विचारणार कुणाला. तिने भाजी वाढून घेतली आणि खाल्ली नाही.

सोमवारी ती दवाखान्यात अर्धा तास आधी गेली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या त्या दवाखान्यात कानांची तपासणी पहिल्यापासून तिच्याकडेच होती. मागच्या बाजूला काचेची खिडकी असलेली, जाड दाराची एक लहानशी खोली, आत पेशंटची खुर्ची, बाहेर तिचं यंत्र. डॉक्टर तिच्या कागदाकडे नजर टाकून सही करत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही शंका घेतली नव्हती, आणि ही गोष्ट ते लोकांना अभिमानाने सांगत. जुन्या फायलींच्या कपाटात मास्तरांचा कागद मिळायला वेळ लागला नाही. उजव्या कानाची तांबडी वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या, दोन्ही रेघा उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. सुंदर काढलं होतं. खऱ्या तपासणीत माणूस घुटमळतो, तंत्रज्ञ खोडतो, पुन्हा बघतो. या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. चार हजारपाशी फुली साठावर होती. काल पंचवीसला त्यांनी मान वर केली होती. आता तिला तो दुसरा कागदही दिसू लागला, पहिला, खरा, ज्याचे तिने चार तुकडे करून पर्समध्ये टाकले होते आणि घरी जाईपर्यंत पर्स छातीशी धरली होती. खऱ्या कागदावरच्या रेघा जवळपास सपाट होत्या. बासष्टाव्या वर्षी एवढे चांगले कान तिने क्वचित बघितले होते. गीताला ते चुकले होते ते पाळकांचा माईक बिघडला होता म्हणून. पुढच्याच महिन्यात माईक बदलला आणि ते कुणी कशाशी जोडलं नाही.

बुधवारी बायकांची प्रार्थनासभा तिच्याच घरी असे. ती सभा तीच चालवायची. सगळ्या गोल बसायच्या आणि आपापल्या चुका मोकळेपणाने सांगायच्या, असा तिथला रिवाज तिनेच पाडला होता. एकीने सांगितलं की ती टीव्ही फार बघते. दुसरीने सांगितलं की सासूबाईंच्या बोलण्यावर तिने मनातल्या मनात फार वाईट उत्तर दिलं, आणि कोणतं उत्तर ते सांगितल्यावर तीन बायका हसल्या आणि एकीने ते लक्षात ठेवलं असं चेहऱ्यावरून दिसलं. शिंप्याच्या बायकोने दर वेळेप्रमाणे आपल्याला गर्व आहे असं सांगितलं, आणि ते सांगताना तिला थोडा गर्व वाटतो हेही सगळ्यांना माहीत होतं. मग तिची पाळी आली. ती म्हणाली, माझ्या हातून एकदा कुणाचं तरी नुकसान झालंय. एवढ्यावर शिंप्याच्या बायकोने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ताई, तुमच्या हातून कुणाचं नुकसान होणं शक्य नाही, तुम्ही फार हळव्या आहात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीने तर लगेच प्रार्थनाच सुरू केली, की हे प्रभू, ताईंना या उगाचच्या अपराधीपणातून सोडव. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचबरोबर आत कुठेतरी हायसंही वाटलं. या हायसं वाटण्याचीच तिला नंतर किळस आली. कप विसळताना तिच्या लक्षात आलं, की सहा वर्षं ती हेच करत आलीय. उपासनेत सगळ्यांच्या बरोबर मोठ्याने म्हणायचं की आम्ही पापी आहोत, आणि त्या ‘आम्ही’च्या पदराआड आरामात बसायचं.

गुरुवारी ती पाळकांकडे गेली. पाळक तिच्याहून वयाने लहान, चांगला माणूस. तो त्या वेळी सभागृहाच्या मागच्या खोलीत गळक्या नळाखाली बादली सारत होता आणि पॅंटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले होते. ती म्हणाली, एका बाईने मला एक गोष्ट विचारलीय, तिला काय सांगू. पाळक म्हणाला, विचारा ना ताई. समजा, तिने सांगितलं, एखाद्याने फार वर्षांपूर्वी काही चुकीचं केलं, देवापाशी ते कबूल केलं, आता ज्याचं नुकसान झालं तो माणूसही त्यात रुळलाय, उगाच सांगितलं तर चार घरं हलतील, तर देवापाशी सांगितलं तेवढं पुरे नाही का. पाळकाने नळ पिळून बघितला. पाणी थांबलं नाही. तो म्हणाला, तो माणूस राहतो कुठे, लांब का. तिच्या तोंडून निघून गेलं की नाही, चार गल्ल्या सोडून. ‘मग त्या बाईला म्हणावं, आधी तिथे जाऊन या,’ तो म्हणाला. ‘देव काही कुठे जात नाही.’ हे तो इतक्या सहज म्हणाला, की तिला त्याचा संताप आला. याला काय जातं सांगायला. याने कुणाला वाढवलं नाही, याच्या दाराआडून कुणी नुसतं ‘हं’ म्हटलेलं नाही. देवापाशी कबूल केलं हेही खोटंच होतं, हे तिला जिना उतरताना कळलं. देवापाशी तिने कधी ही गोष्ट काढलीच नव्हती. धाकट्याला सांभाळ, एवढंच ती मागत आली होती, आणि बाकीचं त्याने समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा होती, डॉक्टरांसारखी सही करावी अशी.

तरी शुक्रवारी सकाळपर्यंत तिने वाक्यं जुळवत आणली होती. मास्तर, त्या कागदावर मी आकडे चुकीचे लिहिले. चुकीचे की खोटे. खोटे लिहिले. असं म्हणायचं, उठायचं, आणि पुढे जे होईल ते होईल. या वाक्यांत ती स्वतःला अगदीच वाईट दिसत नव्हती. भावापायी आंधळी झालेली बहीण, हाताने घडलेली एक चूक, दहा मिनिटांचं काम. साडेदहाला एक पोस्टातली बाई तपासणीला आली. काचेपलीकडे कानांवर हेडफोन लावून बसली, आवाज आला की बोट वर करायचं हे तिला समजावलं. मध्येच, यंत्र गप्प असताना, बाईने बोट वर केलं. असं होतं बऱ्याचदा. माणूस इतका कान देऊन बसतो की शांततेतही त्याला काही ऐकू येतं. बाहेर आल्यावर बाईने बिचकत विचारलं, मी मध्ये चुकले का हो. तिने सवयीचं वाक्य सुरू केलं, ‘कधी कधी भास होतो, आवाज नसतानाही...’ आणि ती मध्येच थांबली. बाई वाट बघत उभी राहिली. तिने कसंबसं पुढचं पूर्ण केलं, बाईला डॉक्टरांकडे पाठवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पेशंटच्या खुर्चीवर बसली. जाड दार ओढून घेतल्यावर तिथे स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. भासाचं ते वाक्य तिने मास्तरांनाही सांगितलं होतं. हे ती विसरली होती. नाही, विसरली नव्हती. हातावर चटका बसलेली जागा आपण कुठे टेकू देत नाही, तसं तिने सहा वर्षं मन तिथे टेकू दिलं नव्हतं. मास्तर त्या दिवशी प्रत्येक सुराला बोट वर करत होते, वर्गातल्या हुशार मुलासारखे, अगदी बारीक सुरांनाही, आणि काचेतून तिच्याकडे बघून मधूनच हसत होते, कारण ऐकू येतंय हे त्यांना कळत होतं. बाहेर आले तेव्हा निर्धास्त होते. तिने नवा कागद पुढे केला आणि म्हणाली, मास्तर, वरचे सूर गेलेत. ते म्हणाले, अगं पण मी बोट वर केलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, ‘मास्तर, मी आवाज दिलाच नव्हता तेव्हाही तुम्ही बोट वर करत होतात. भास होतो माणसाला. वर्षानुवर्षं सूर ऐकलेल्या माणसाला तर फारच.’ त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि तिने ते बघितलं, आणि तरी पेनचं टोपण लावलं.

कागद खोटा केला तो पंचांसाठी. हे वाक्य मात्र त्यांच्यासाठी होतं. त्यानंतर ते वाद घालायला आले नाहीत. तिने दिलेलं कानाचं यंत्र दोन महिने त्यांनी लावलं. चमचा पडला तरी डोक्यात घण पडल्यासारखं होतं, असं सांगत आले, तेव्हा ती म्हणाली सवय होईल. मग त्यांनी ते काढून ठेवलं. शिकवण्या बंद केल्या. कुणी काही बोललं की ते आधी मुलीकडे बघत, ती सांगेल ते खरं धरत. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत आणि ते आवाजाने दचकत, आणि दचकल्याबद्दल माफी मागत. हे सगळं तिने दर रविवारी दोन बाक मागून बघितलं होतं. तिने उठून दार उघडलं तेव्हा बाहेर दोन पेशंट बसलेले होते, आणि दिवसभर तिने सगळ्यांच्या तपासण्या नीट केल्या.

शनिवारी दुपारी ती मास्तरांकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर. त्यांची मुलगी शिवणवर्गात शिकवते, ती चारनंतर येते हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने ही वेळ निवडली होती. घंटा वाजवली. एकदाच वाजवली आणि आतून लगेच पावलं आली. बहिऱ्या माणसाने एका घंटेला उठायला नको होतं, पण या घरात हे कुणाच्या ध्यानात येणार. मास्तरांना तिला बघून आनंद झाला. त्यांनी पाणी आणलं, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि ती पियानोच्या मिटलेल्या झाकणावर ठेवली. तिथे आधीच औषधांच्या बाटल्या, एक इस्त्री आणि शिवणवर्गातले कापडाचे नमुने होते. ते तिच्या ओठांकडे बघत बसले. सवयच लागली होती त्यांना, समोरच्याच्या ओठांकडे बघायची. त्यांनी धाकट्याची चौकशी केली. आता छान वाजवतो, असं म्हणाले, आणि मग ओशाळून, म्हणजे लोक म्हणतात तसं.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या कानांचा जो कागद केला, तो खोटा होता.’

ते ओठांकडे बघतच राहिले. तिने पुन्हा सांगितलं. पंचांची चिठ्ठी, धाकट्याची तेव्हाची अवस्था, पहिला कागद फाडला तो, दुसरा काढला तो. धाकट्याला यातलं काही माहीत नाही, हेही सांगितलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला वेळेवर आठवलं नाही. सांगणं वेडंवाकडं झालं. मास्तरांनी मध्ये अडवलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी गुडघ्यावरचा सैल धागा ओढून तोडला. मग समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाले, तुझी काहीतरी गफलत होतेय, तू मनाला लावून घेतेस. कागदावर थोडं इकडेतिकडे झालं असेल. पण माझे कान गेले होते हे खरंच आहे.

‘तूच सांगितलं होतंस ना,’ ते म्हणाले. ‘आवाज नसतानाही मी बोट वर करत होतो. तेव्हाच मला कळलं. माणसाला नसलेलं ऐकू यायला लागलं म्हणजे संपलंच.’

इथे तिला उठून जाता आलं असतं. कागदाचं कबूल केलं होतं, त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं, आणि ती आपलं कर्तव्य करून मोकळी झाली होती. तिच्या पायांनी उठायची तयारीही केली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

‘आवाज होता, मास्तर,’ ती म्हणाली. ‘प्रत्येक वेळी आवाज होता. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. ते मी मुद्दाम म्हणाले. तुम्ही परत विचारू नये म्हणून.’

हे तिने अगदी हळू म्हटलं, मान खाली घालून, त्यामुळे तिचे ओठ त्यांना दिसले नसणार. तरी ते त्यांना पोचलं. तिने वर बघितलं तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचा चेहरा पलंगाकडे वळला होता. खोलीच्या कोपऱ्यात एक पलंग होता, गुळगुळीत चादर घातलेला, कुणी झोपत नसलेला. तिथे त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी आजारात गेली होती. ताई तेव्हा दोनदा येऊन गेली होती, प्रार्थना करून गेली होती.

‘शेवटच्या दिवशी ती काहीतरी बोलली,’ मास्तर म्हणाले. ‘मी उशाशी होतो. मला ऐकू आलं, ‘वाजव’. मी उठलो. पियानो उघडाच होता तेव्हा. पोर दाराशी होती, ती म्हणाली, बाबा, ‘झोपव’ म्हणतेय आई, उशी काढा. पोरीचे कान चांगले. मी उशी काढली. तिला नीट झोपवलं.’ ते थांबले. ‘ती माझ्याकडे बघत होती. मग नाही बघितलं.’

ताईने येताना हे धरलं होतं, की मास्तर रागावतील, किंवा रडतील, किंवा मोठ्या मनाने क्षमा करतील. नोकरी जाईल, धाकटा बोलणं टाकेल, हेही धरलं होतं. हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तिने एका दुपारी उच्चारलेलं वाक्य तिच्या पाठीमागे चालत या खोलीत आलं होतं, या पलंगापाशी उभं राहिलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. आणखी कुठे कुठे गेलं असेल. ती खुर्चीवरून खाली आली, गुडघ्यांवर, ठरवून नाही. मास्तर, मला क्षमा करा, असं ती म्हणाली असावी.

‘उठ,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. ‘ते मला आज जमणार नाही. जमेल की नाही ते माहीत नाही. सोमवारी मी दवाखान्यात येतो, तुझ्या डॉक्टरांसमोर तपास. जे असेल ते लिही. भावाला तूच सांग, मी सांगणार नाही.’ मग त्यांनी पलंगाकडे बघितलं. ‘आता जा तू. मला जरा तिचं ऐकू दे.’

ती उठली. चपला घालताना तिला पट्टा सापडेना. बाहेर येऊन तिने दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली. कबुली दिल्यावर मन हलकं होतं, असं ती बुधवारच्या बायकांना कितीदा सांगत आली होती. तसं काही झालं नाही. छातीत काहीतरी सोललं गेल्यासारखं झोंबत होतं आणि हाताला कठडा फार गार लागत होता. दुसऱ्या मजल्यावर तिला मास्तरांची मुलगी भेटली, आज वर्ग लवकर सुटला होता, खांद्याला पिशवी, पिशवीतून मोजपट्टीचं टोक बाहेर. ती दमलेली होती तरी हसली. म्हणाली, ताई, बरं झालं आलात, बाबांना फार बरं वाटतं कुणी आलं की. कसे वाटले. आणि उत्तराची वाट न बघता चार पायऱ्या वर चढलीही.

ती खाली उभी राहून त्या पाठमोऱ्या पोरीकडे बघत राहिली. आता ही आत जाईल. बाबा तिला विचारतील, किंवा विचारणार नाहीत, नुसते तिच्याकडे बघतील. मग पुढची कितीतरी वर्षं ही पोर एक शब्द घेऊन बसेल, आपण दाराशी उभं राहून आईचं शेवटचं मागणं बदललं म्हणून. तिची यात काय चूक. तिने ऐकलं तसं सांगितलं, आणि बापाने स्वतःच्या कानांपेक्षा तिच्या कानांवर विश्वास ठेवला, तो का ठेवला हे तिला कुठे माहीत होतं.

‘थांब,’ ती म्हणाली.

मुलगी वळली.

‘तू एकटी जाऊ नकोस वर. आधी मला तुला काही सांगायचंय. तुझ्या बाबांच्या कानांबद्दल, आणि तुझ्या आईबद्दलही. बाबांनी मला जायला सांगितलंय, तरी मी येते.’

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, नुसतं थबकलं होतं. तिने खांद्यावरची पिशवी खाली पायरीवर ठेवली. ताई एकेक पायरी चढत तिच्यापर्यंत आली, तिच्या पायापाशी जिन्यावर बसली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.